टायरखालचं गवत

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तोक्योहून फोनवर तू ऑप्टिमस ग्रुपबद्दल विचारलंस, "आई, घेऊ का हा शेअर?" आणि मी "बघू गं" म्हणून विषय बदलला. तुला ते लागलं असेल. पण पैशाच्या बाबतीत उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणायची सवय मला बँकेतल्या 34 वर्षांत कधी लागली नाही. दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं. आता दिवाबत्ती झाली, बाबा भजनाला गेलेत, तेव्हा निवांत लिहायला बसले.

तू म्हणालीस, धंदा सरळ आहे. जपानमधल्या वापरलेल्या गाड्या लिलावात घ्यायच्या, जहाजावर चढवायच्या, न्यूझीलंडमध्ये विकायच्या. जपानी गाडीला जगात गिऱ्हाईक कधी कमी पडणार नाही, आणि शेअर स्वस्त वाटतोय. या सगळ्यात तू एका गोष्टीचं नाव घेतलं नाहीस, ती म्हणजे माल. शेअरला स्टॉक म्हणतात आणि गोदामातल्या मालालाही स्टॉकच म्हणतात. मी आयुष्यभर या दुसऱ्या स्टॉकची माणूस. व्यापाऱ्यांना माल तारण ठेवून कॅश क्रेडिट द्यायचं, दर महिन्याला त्यांचं स्टॉक स्टेटमेंट घ्यायचं, त्यातून मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलता येतील ते, काढायची आणि मग गोदामात जाऊन कागदावरचा माल जागेवर आहे का ते बघायचं. हळद, बेदाणा, सूत, खत, काय काय मोजलं मी. आणि एकदा गाड्याही मोजल्या.

ही 1992 ची गोष्ट. तू तेव्हा झाली नव्हतीस. मिरज रस्त्याला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आमच्या शाखेचा खातेदार होता. दसरा होऊन आठेक दिवस झाले असतील, मी तपासणीला गेले. स्टेटमेंटमध्ये 26 गाड्या. अँबॅसेडर, फियाट, मॅटाडोर, दोन-तीन जीप. मी नंबर वाचत गेले, शिपाई खुणा करत गेला. 26 च्या 26 गाड्या जागेवर. व्यापाऱ्याने चहा मागवला. मी चहा घेत मागच्या रांगेपाशी उभी होते आणि एका मॅटाडोरच्या पुढच्या चाकाकडे लक्ष गेलं. चाकाभोवती आघाडा वाढला होता, पार चाकाच्या मधल्या झाकणापर्यंत. खाली वाकून पाहिलं. एकही काडी चाकाखाली दबलेली नव्हती, सगळी रोपं चाकाच्या कडेने सरळ वर आली होती. म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आधीपासून ती गाडी जागची हललेली नव्हती. टायर खालून चपटा होऊन बसला होता. वायपरचं रबर काचेला चिकटून गेलं होतं. मग मी चहा तसाच ठेवला आणि पुन्हा पहिल्या गाडीपासून सुरुवात केली, यावेळी नंबर न बघता फक्त चाकं बघत. 26 पैकी 11 गाड्यांची तीच गत.

स्टेटमेंटमध्ये मात्र त्या अकराही गाड्या खरेदीच्या किमतीला लावलेल्या होत्या. मी अहवालात लिहिलं, "26 वाहने प्रत्यक्ष आढळली, पैकी 11 पावसाळ्यापूर्वीपासून हललेली नाहीत." साहेब म्हणाले, "मॅडम, माल जागेवर आहे ना? मग झालं." लिमिट पुन्हा मंजूर झालं. दीड वर्षात खातं बुडीत गेलं. बँकेने गाड्या विकल्या तेव्हा त्या अकरांना स्टेटमेंटमधल्या किमतीचा तिसरा हिस्साही आला नाही. त्या अहवालाची कार्बन कॉपी अजून कपाटात आहे. तो व्यापारी काही लबाड नव्हता गं. चांगल्या दिवसांत भरमसाठ खरेदी केली, भाव उतरले, आणि तोटा सोसून विकायचा धीर त्याला झाला नाही.

म्हणून तू नफा सांगत होतीस तेव्हा मला ती मॅटाडोर दिसत होती.

तुझ्याकडे आले होते तेव्हा आपण योकोहामाला गेलो होतो, आठवतं? बस पुलावरून जाताना दाइकोकू धक्का दिसला. चौकोनी इमारतीसारखी ती बिनखिडक्यांची जहाजं आणि पुढे गाड्यांच्या रांगाच रांगा. तू फोटो काढत होतीस आणि मी त्या उंचीवरूनही चाकांकडेच बघत होते. त्यातली एखादी गाडी तिथे किती दिवस उभी आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. तुझ्या शेअरची निम्मी परीक्षा त्याच प्रश्नात आहे.

गाड्या स्वस्त का मिळतात ते तू तिथे राहून जाणतेसच. नव्या गाडीला पहिलं शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, 3 वर्षांनी, मग दर 2 वर्षांनी. प्रत्येक वेळी खर्चाचा भुर्दंड, त्यामुळे धडधाकट गाडी लोक काढून टाकतात आणि ती लिलावात येते. लिलावाच्या कागदावर दर्जा लिहिलेला असतो, 4.5, 4, 3.5, अपघातात दुरुस्त झालेली असेल तर आर. कुठे ओरखडा, कुठे पोचा, त्याच्या खुणाही चित्रावर असतात. हा कागद सगळ्यांना दिसतो, हे लक्षात घे. तुझी कंपनी जी गाडी हेरते ती आणखी शंभर निर्यातदार हेरतात. म्हणजे स्वस्तात खरेदी करण्याचं कुणाकडे काही गुपित नाही. मग नफा येतो कुठून? हातोडा पडल्यापासून गिऱ्हाइकाचे पैसे जमा होईपर्यंत जितके कमी दिवस जातील, तिथून. हे दिवस मोजायचे. बाकी सगळं नंतर.

मोजायचं कसं ते कल्पनेतल्या आकड्यांवर सांगते. समज, वर्षभरात विकलेल्या गाड्यांची खरेदी किंमत 48 अब्ज येन आणि वर्षअखेरीला हातात शिल्लक माल 6 अब्ज येन. 6 ला 365 ने गुणून 48 ने भाग. साधारण 46 दिवस. पुढच्या वर्षी खरेदी किंमत झाली 54 अब्ज आणि शिल्लक माल 9 अब्ज. आता 61 दिवस. विक्री वाढली म्हणून कंपनी आनंदाने सांगेल, वर्तमानपत्र तेच छापेल. पण धंदा वाढला साडेबारा टक्के आणि उभा माल वाढला 50 टक्के. हा फरक मला दिसला की मी लगेच चपला घालून गोदामात जायचे. तू गोदामात जाऊ शकत नाहीस, तर निदान 5 वर्षांचे हे दिवस एका कागदावर मांड.

तू म्हणशील, पंधरा दिवसांनी काय बिघडतं? आमच्याकडे बिघडायचं, कारण त्या काळी कर्जाचा दर 18 टक्क्यांच्या घरात होता. 10 लाखांचा माल 60 दिवस पडून राहिला की 29-30 हजार नुसतं व्याज. व्यापारी कळवळायचा आणि विकून मोकळा व्हायचा. जपानमध्ये बँक ऑफ जपानने जानेवारी 2025 मध्ये दर वाढवला तो तेव्हा कुठे अर्ध्या टक्क्यावर आला. कंपनीला 2 टक्क्यांनी कर्ज मिळालं तर त्याच 10 लाख येनवर 60 दिवसांचं व्याज 3,300 येनच्या आतच. कुणाला बोचतच नाही! माल साचत जातो, व्याजाचा चटका बसत नाही, आणि त्या दिवसांत गाडीचा भाव मात्र उतरतच असतो. स्वस्त कर्जाच्या देशात मालाकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि या धंद्यात माल नुसता जुना होत नाही, तो एका रात्रीत बाद होतो. हळदीचं तसं नसतं. केनियाचं उदाहरण घे. तिथे 8 वर्षांहून जुनी गाडी उतरवू देत नाहीत. 2025 साली पहिली नोंदणी 2018 किंवा त्यानंतरची असेल तरच गाडी चालत होती. 2017 ची गाडी 31 डिसेंबर 2024 च्या आत मोम्बासा बंदराला लागली नाही, तर तिचं गिऱ्हाईकच बदललं. गाडी तीच, इंजिन तेच, पण भाव पडला. श्रीलंकेने मार्च 2020 मध्ये गाड्यांची आयात बंद केली, ती खासगी गाड्यांसाठी फेब्रुवारी 2025 मध्ये उघडली. जवळपास 5 वर्षं एक अख्खा बाजार नाहीसा. रशियाला 1900 सीसीच्या वरच्या आणि हायब्रिड गाड्या पाठवणं जपाननेच ऑगस्ट 2023 मध्ये थांबवलं. तिकडच्या बंदरांकडे डोळे लावून ज्यांनी मोठ्या गाड्या घेऊन ठेवल्या होत्या त्यांचं काय झालं असेल, विचार कर.

तुझ्या कंपनीचा बाजार न्यूझीलंड. तिथे वापरलेल्या आयात गाड्या बहुतेक सगळ्या जपानच्याच, स्टिअरिंग दोन्हीकडे उजव्या हाताला. पण तिथेही दोन गोष्टी घडून गेल्यात त्या तुला माहीत असाव्यात. फेब्रुवारी 2018 मध्ये जपानहून गेलेल्या जहाजांत दुर्गंधी सोडणारे ढेकूण सापडले आणि न्यूझीलंडने ती जहाजं माघारी धाडली. तिथल्या फळबागांना त्या किड्याचा धोका. हजारो गाड्या समुद्रातच लटकल्या. कंपनीचं काही चुकलेलं नव्हतं, पण दिवस वाढले ते वाढलेच. दुसरी गोष्ट सरकारी सवलतीची. कमी धूर सोडणाऱ्या गाडीला सूट आणि जास्त सोडणारीला दंड, अशी योजना तिथे होती. ती 31 डिसेंबर 2023 ला बंद झाली. सूट जाणार म्हटल्यावर लोकांनी आधीच खरेदी उरकून घेतली. त्या महिन्यांचे आकडे बघून कुणी शेअर घेतला असेल तर त्याने पुढच्या वर्षाची विक्री आधीच मोजून टाकली म्हणायची.

येनबद्दल तू फार खुशीत होतीस. येन पडला की निर्यातदाराचं फावतं, हे खरं. पण येन पडला की सगळेच निर्यातदार लिलावात उतरतात आणि तिथे भाव चढतो. म्हणजे स्वस्त येनच्या काळात माल महाग घेतला जातो. मग येन उलटा फिरला तर? जुलै 2024 मध्ये डॉलरला 161 येन होते, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात 142 च्याही खाली आले. महिनाभरात एवढं. ज्याच्याकडे महागात घेतलेला 60 दिवसांचा माल पडून होता त्याला परदेशी पैशाचे येन कमी मिळाले. ज्याचा माल 30 दिवसांत फिरत होता तो अर्ध्यावर निभावला. बघ, पुन्हा गाडी दिवसांवरच आली.

आता तुझ्या कंपनीविषयी, ऑप्टिमस ग्रुपविषयी. तिच्यात मला आवडलेली गोष्ट ही, की गाड्यांच्या व्यापाराबरोबर वाहतूक आणि तपासणीची कामंही गटातच आहेत. जेविक ही निर्यातीआधी गाड्या तपासणारी संस्था त्यांचीच. तपासणीची फी मिळते तिथे माल साठवावा लागत नाही, ते उत्पन्न मला जास्त भरवशाचं वाटतं. एकूण नफ्यात त्याचा वाटा किती आणि तो वाढतोय की घटतोय, विभागवार तक्त्यात बघ. पण 2023 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातली ऑटोपॅक्ट ही डीलरशिपची साखळी घेतली. तिथे नव्या गाड्या विकल्या जातात. याचा अर्थ असा, की ताळेबंदात माल म्हणून जो एक आकडा दिसेल त्यात आता दोन वेगळे धंदे मिसळलेत, जहाजावरच्या जुन्या गाड्या आणि शोरूममधल्या नव्या. मघाशी सांगितलेला भागाकार एकत्रित आकड्यांवर केलास आणि 2023 च्या आधीच्या वर्षांशी ताडलास तर उत्तर येईल, पण ते चुकीचं येईल. दोन्ही वेगळे काढता आले तर काढ. नाही आले, तर घाई करायची नाही. आणि या खरेदीसाठी कर्ज किती काढलं, दिलेल्या किमतीत मालमत्ता किती आणि नुसती गुडविल, म्हणजे मालमत्तेच्या वर नावासाठी मोजलेले पैसे, किती, ते मला कळव. गुडविल गहाण ठेवून मी कुणाला कधी एक रुपया दिला नाही.

तूच मला शब्द शिकवलास, तानाओरोशी. मालाच्या मोजदादीला जपानीत म्हणतात ना, फळीवरून खाली उतरवून मोजणं. फार नेमका शब्द आहे. केस्सान तान्शिनमध्ये, म्हणजे कंपनीच्या निकालाच्या गोषवाऱ्यात, त्या नावाची ओळ शोध आणि 31 मार्चचा आकडा घेऊन थांबू नकोस, 30 सप्टेंबरचाही घे. तिकडेही वर्ष मार्चलाच संपतं आणि 1 एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर त्याच्यावर त्या वर्षाचा वाहनकर बसतो, म्हणून लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये गाड्या काढतात आणि लिलाव भरून वाहतात. मार्चअखेरीला निर्यातदाराकडे माल जास्त दिसला तर त्यात गैर काही नाही. सप्टेंबरलाही तेवढाच असेल तर मात्र गवत वाढलंय म्हणून समज.

त्याच पानावर आणखी दोन ओळी बघ. निर्यातदार लिलावात 10 टक्के उपभोग कर भरतो आणि गाडी देशाबाहेर गेली की तो परत मिळतो. परत मिळेपर्यंत ती रक्कम सरकारकडून येणं म्हणून दिसते. धंदा वाढतो तेव्हा हे येणंही वाढतं, नफा दिसतो आणि हातात रोख नसते. व्यापारातून खरोखर रोख किती आली त्याचा वेगळा तक्ता असतो, तो 5 वर्षांचा घे. पाचपैकी चार वर्षं नफा दिसतो पण रोख उणे, असं असेल तर ही कंपनी कर्जावर चालते, मग शेअर कितीही स्वस्त दिसो. दुसरी ओळ गिऱ्हाइकांनी आगाऊ भरलेल्या पैशांची. ती देणं म्हणून लिहिलेली असते म्हणून घाबरू नकोस. आधी पैसे, मग जहाजाची कागदपत्रं, अशी पद्धत असेल तर ते गिऱ्हाइकाच्या पैशावर चालणारं भांडवल, तुझ्या पथ्यावर पडणारं. विक्री कधी झाली असं धरतात, जहाज सुटल्यावर की गाडी पोहोचल्यावर, तेही टिपणांत लिहिलेलं असेल. समुद्रावरच्या गाड्या कुणाच्या पुस्तकात आहेत, हे त्यावरून कळतं.

एक तुलना सुचवते. यूएसएस ही लिलाव चालवणारी कंपनीही तोक्यो बाजारात आहे, चिबा प्रांतात नोदाला तिचं मोठं केंद्र आहे. ती विकणाऱ्याकडूनही शुल्क घेते आणि घेणाऱ्याकडूनही. तिथून निर्यातीला गेलेल्या गाडीचं पुढे जहाज अडो, ढेकूण निघो, केनियाचा नियम आडवा येवो, लिलावाचं शुल्क वसूल झालेलं असतं. ती महाग दिसेल, आणि मी तीच घे म्हणत नाही. पण दोघींचा पी/ई, म्हणजे शेअरची किंमत नफ्याच्या किती पट ते, शेजारी ठेवून एक महाग आणि एक स्वस्त म्हणणं म्हणजे अडत्याला आणि माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला एका तराजूत तोलणं. शिवाय अशा धंद्यात नफा शिगेला पोहोचतो तेव्हाच पी/ई सगळ्यात कमी दिसतो. येन, मागणी, जहाजभाडं हे तिन्ही एकदम अनुकूल असलेल्या वर्षाचा नफा हा नेहमीचा नफा नव्हे. 7-8 वर्षांची सरासरी काढ आणि तिच्यावर किंमत ताड.

निसाचं, म्हणजे तुझ्या त्या करमुक्त गुंतवणूक खात्याचं म्हणशील तर नफ्यावर कर नाही हे छान आहे, पण तिथे झालेला तोटा दुसऱ्या खात्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही, हे लक्षात असू दे. चढउतारांचा धंदा त्या खात्यात ठेवायचा का, याचा वेगळा विचार कर. शंभराच्या पटीत शेअर घ्यावे लागतात, तर पहिल्यांदा शंभरच घे, तेही आकडे पटले तर. बोनसची सगळी रक्कम यात घालू नकोस. ती रक्कम तू कशी जमवलीस मला ठाऊक आहे. निशी-कासाईच्या त्या छोट्या खोलीत रात्री अकराला येऊन भात टाकताना मी तुला पाहिलंय.

आज माझं उत्तर विचारशील तर, अजून घेऊ नकोस. नाहीही म्हणत नाहीये. धंदा खरा आहे, गाड्या चांगल्या आहेत, पण माल चालता आहे की उभा आहे ते मला कळलेलं नाही आणि तुलाही नाही. 5 वर्षांचे मार्च आणि सप्टेंबरचे ताळेबंद आणि रोखीचे तक्ते, एवढ्या पानांचे फोटो पाठव. जपानी मला येत नाही, पण आकडे वाचता येतात. ओळींची नावं तू पेन्सिलीने मराठीत लिहून दे, टायपायच्या भानगडीत पडू नकोस. पुढच्या रविवारी सकाळी 9 ला मी वही घेऊन बसते, तुझ्याकडे साडेबारा झालेले असतील. जेवून घे आणि मग फोन कर.

तुझी,
आई

ता. क. बाबा आले. त्यांना एवढंच विचारायचंय की मेतकूट संपलं का.